समुद्राकडच्या खिडक्या

(श्रीवर्धन तालुक्यातलं जांभ्याचं जुनं घर, पश्चिमेला समुद्र, आणि सागवानी खिडक्या बदलायच्या की दुरुस्त करायच्या हा प्रश्न. घराच्या दोन वारसांना मी इथे पुरतं बोलू दिलं आहे. प्रश्न त्यांचा असला तरी किनाऱ्यावरच्या शेकडो घरांत आज हेच बोलणं चाललं आहे.)

धाकटा: ताई, मृगाच्या आत या खिडक्या बदलून टाकाव्यात असं माझं स्पष्ट मत आहे. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पश्चिमेच्या चारही खिडक्या बंद होत्या, कड्या लावलेल्या होत्या, तरी पाणी भिंतीवरून ओघळत जमिनीवर आलं. तेव्हापासून दर वर्षी तेच चाललंय. फुगलेलं झडप रंधून घ्यायचं, गंजलेली बिजागरी बदलायची, लांबी भरायची, रंग द्यायचा. दिवाळीत नीट मिटणारी खिडकी आषाढात पुन्हा अडकते. यूपीव्हीसी प्लास्टिकच्या खिडकीला यातलं काही नाही. ते पाण्याने फुगत नाही, त्याला वाळवी लागत नाही, खाऱ्या वाऱ्याने गंजत नाही, रंग मागत नाही. चौकटीचे कोपरे तापवून एकजीव केलेले असतात, त्यामुळे सांधा सुटायचा प्रश्न नाही. किनाऱ्यावरच्या घराला अजून काय हवं?

थोरली: तू सांगितलंस ते सगळं खरं आहे. पण ते खिडकीच्या एका भागाबद्दल आहे. खिडकी म्हणजे चौकट, झडप, काच, काचेभोवतीचं रबर, बिजागरी, कडी आणि चौकट-भिंतीमधली फट. यातलं जे सगळ्यांत आधी जाईल तेवढंच खिडकीचं आयुष्य. यूपीव्हीसीचा सेक्शन पोकळ असतो. त्याला ताकद यावी म्हणून आत जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी पट्टी सरकवतात आणि बिजागरीचे स्क्रू त्या पट्टीत पिळतात. स्क्रूच्या भोकातून खारं पाणी आत गेलं की पट्टी गंजायला लागते, आणि बाहेरून खिडकी पांढरीशुभ्रच दिसत राहते. लाकूड खराब व्हायला लागलं की रंग फुगतो, डाग पडतो, बोट लावलं तर मऊ लागतं. मला वेळेवर कळतं. मला टिकाऊ वस्तू हवीच आहे, पण आतल्या आत जाणारी नको.

धाकटा: हा आक्षेप हलक्या मालाला लागू पडतो. चांगला माल कसा ओळखायचा हे मी शिकून घेतलंय. या सेक्शनसाठी युरोपचं जे मानक आहे, ईएन १२६०८, त्यात दर्शनी भिंतीची जाडी २.८ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर ‘ए’ वर्ग, २.५ असेल तर ‘बी’. हवामानाचेही दोन वर्ग आहेत, सौम्य उन्हासाठी ‘एम’ आणि कडक उन्हासाठी ‘एस’. आपल्याला ‘ए’ आणि ‘एस’ हवा. फॅब्रिकेटरकडून सेक्शनचा कापलेला तुकडा मागायचा आणि कॅलिपर लावून मोजायचा. ऊन सोसायला प्लास्टिकमध्ये टायटॅनियम डायऑक्साइड घालतात. ते पुरेसं नसलं की काही वर्षांत पृष्ठभाग पिवळा पडतो, हात लावला तर पांढरी पूड येते. स्क्रू आणि बिजागऱ्या स्टेनलेसच्या, त्याही ३१६ नंबरच्या घ्यायच्या, त्यात मॉलिब्डेनम असतं. साधं ३०४ समुद्राजवळ तपकिरी डाग धरतं. एवढं लिहून घेतलं की तुझी पट्टी गंजण्याची भीती पुष्कळ कमी होते.

थोरली: लिहून घे, चांगलंच आहे. पण पाणी कुठून आलं होतं ते आधी बघू. तू ज्या सरकत्या खिडक्या बघून आलास, त्यांच्याबद्दल मला मोठी शंका आहे. वाऱ्याचा दाब काढायचा साधा हिशेब आहे. वेग मीटर-सेकंदात घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं, की पास्कलमध्ये दाब मिळतो. ताशी १०० किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळजवळ २८ मीटर. त्याचा दाब होतो साधारण ४६० पास्कल, म्हणजे चौरस मीटरला ४७ किलो. तेवढ्या जागेवर ४७ मिलिमीटर पाणी उभं राहिलं तर इतकंच वजन होईल. आता सरकत्या खिडकीचा खालचा ट्रॅक डोळ्यांपुढे आण. पाऊस ट्रॅकमध्ये साचतो आणि बाहेरच्या बाजूच्या बारीक भोकांतून निघून जातो. पण बाहेरून वारा त्याच भोकांवर दाबतोय. पाणी बाहेर जायचं तर ट्रॅकमध्ये त्याची पातळी वाऱ्याच्या दाबाहून जास्त चढायला हवी. ट्रॅकची आतली कड २५ मिलिमीटर असेल आणि वाऱ्याला ४७ लागत असतील, तर पाणी बाहेर न जाता आत सांडणार. यात माल हलका की भारी हा प्रश्नच येत नाही. वादळ तर दूरच, ताशी ७० किलोमीटरचा झोत आला तरी २३ मिलिमीटर लागतात, आणि तसे झोत आपल्याकडे आषाढात येतात.

धाकटा: मान्य. सरकती खिडकी पश्चिमेला नको, हे मी सोडून देतो. पण तुझा हिशेब आपल्या जुन्या खिडक्यांना लावून बघ ना. आपली झडपं आत उघडतात, कारण बाहेरच्या बाजूला गज आहेत. म्हणजे वारा झडपाला चौकटीपासून दूर ढकलतो. झडप जेमतेम एक चौरस मीटरचं धरलं तरी त्यावर ४७ किलोचा भार, आणि तो पेलायला मध्यावर एक कडी. वरचे-खालचे कोपरे वाकतात, फट पडते, पाणी आत. याउलट बाहेर उघडणारी बिजागरीची नवी खिडकी घेतली तर वारा झडपाला चौकटीवर दाबून बसवतो. वारा जितका जोराचा तितकी खिडकी घट्ट. चारी बाजूंनी रबर, आणि एक हँडल फिरवलं की तीन-चार ठिकाणी कुलूप बसतं. गज काढून आतल्या बाजूने जाळी बसवायची. तू पाण्याचा मुद्दा काढलास म्हणून सांगतो, पाण्याच्या बाबतीत आपल्या खिडकीची रचनाच चुकीची आहे. लाकूड कितीही उत्तम असलं तरी तिला ते सुधारता येणार नाही.

थोरली: हा तुझा मुद्दा जोरकस आहे. याला उत्तर देताना मला मागे सरावं लागतंय. तरी एक विचार. ही खिडकी बांधणाऱ्याने पाणी अडवायचं काम एकट्या झडपावर टाकलं नव्हतं. वर लांब वळचण होती, पडवीचा उतार होता, पावसाळ्यात पश्चिमेला झापांचा आडोसा बांधत. पडवी आपण काढली, आडोसा बांधणं थांबवलं, आणि आता उघड्यावर पडलेल्या खिडकीला दोष देतोय. काच आणि रबर घेऊन तू जे काम करून घेणार आहेस, त्यातलं अर्धं काम दोन हातांचा छज्जा करेल. शिवाय तो ऊनही अडवेल. उन्हाचा ताप खोलीत येतो तो मुख्यतः काचेतून, चौकटीतून फारच थोडा. सागवान आणि यूपीव्हीसी दोन्ही उष्णतेचे मंद वाहक, जवळपास सारखेच. अ‍ॅल्युमिनियम त्यांच्या हजारपट वाहक, पण ज्या घरात एसी नाही तिथे तोही फरक फारसा जाणवणार नाही.

धाकटा: अ‍ॅल्युमिनियम मी आधीच बाजूला ठेवलंय. सेक्शन सडपातळ, काच मोठी मिळते, ताकद उत्तम, पण कापलेल्या कडेला पावडर कोटिंग नसल्याने धातू उघडा पडतो, लोखंडी स्क्रू लागला की खाऱ्या दमटपणात त्या जागी पांढरी भुकटी धरते. मुंबईत दहाव्या मजल्यावर कदाचित तेच घेईन. इथे नाही. छज्ज्याचं म्हणशील तर करूच. पण ताई, तुझ्या सगळ्या बोलण्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, की या घरात कोणीतरी राहतंय. तू चिपळूणला, मी पुण्यात. गणपतीला आठवडाभर, मे महिन्यात पंधरा दिवस, एवढंच घर उघडं. बाकी वर्षभर बंद. सागवान दीडशे वर्षं टिकतो हे मला मान्य, पण तो टिकतो तो हात फिरत राहतो म्हणून. दर दोन वर्षांनी बेलतेल, दर वर्षी बिजागरीत तेलाचा थेंब, पाऊस थांबला की झडपं उघडून वारा देणं. हे करायला आईबाबा होते. बंद घराला असं साहित्य हवं की ज्याकडे कोणी वळून बघितलं नाही तरी चालेल. तुझी खिडकी टिकाऊ आहे ती माणसाच्या भरवशावर, आणि आता तिथे माणूस नाही.

थोरली: बंद घराबद्दल मी अगदी उलट म्हणेन. चारी बाजूंनी रबर लावून हवाबंद केलेलं जांभ्याचं घर चार महिने पावसात उभं ठेव. जांभा पाणी पितो, त्याला सच्छिद्रपणा आहे. भिंतीतला ओलावा आत सुटणार आणि बाहेर जायला वाट नाही. ऑक्टोबरात दार उघडशील तेव्हा गाद्यांना, पुस्तकांना, कपाटाच्या पाठीला बुरशी आलेली असेल. आपल्या झडपांच्या वरच्या अर्ध्या भागात ज्या तिरक्या लाकडी पट्ट्या आहेत ना, त्यांतून घर बंद असतानाही श्वास घेतं. खिडकी पाऊस आत येऊ देते म्हणून तुला राग येतो, पण तीच ओल बाहेरही जाऊ देते. माणूस राहत असेल तेव्हाही हवा लागतेच. ऊर्जा दक्षता ब्युरोच्या २०१८ च्या इको निवास संहितेत उष्ण-दमट भागात उघडणाऱ्या खिडक्या-दारांचं क्षेत्रफळ जमिनीच्या १६.६६ टक्के मागितलंय, म्हणजे सहावा हिस्सा. बारा चौरस मीटरच्या खोलीला दोन चौरस मीटर. सरकती खिडकी कितीही मोठी घेतली तरी उघडते अर्धीच.

धाकटा: ती मी सोडली म्हटलं ना. बिजागरीची जवळजवळ पूर्ण उघडते. आणि हवेसाठी वर वेगळा झरोका ठेवता येईल, पट्ट्यांचा, जाळी लावलेला. डासांची जाळी हा तर स्वतंत्र मुद्दा आहे, तुझ्या गजांच्या खिडकीला ती कधी नीट बसलीच नाही. पण तू माझ्या मुख्य प्रश्नाला बगल दिलीस. कोण करणार आहे देखभाल? गावात रंधा हातात धरणारे सुतार किती उरलेत? ज्यांनी आपली मागची दुरुस्ती केली त्यांच्या मुलाने तो धंदा घेतला नाही. बदली लाकूड म्हणावं तर बाजारात मिळतो तो लवकर तोडलेला लागवडीचा सागवान. त्यात गाभा कमी, बाहेरचं पांढरं लाकूड जास्त, आणि वाळवी त्या पांढऱ्यालाच धरते. आजोबांच्या चौकटीचं लाकूड आणि उद्या त्यात बसवायचा तुकडा, दोघांना सागवान म्हणतात एवढंच.

थोरली: लाकडाचा उपाय आहे. मुंबई-पुण्यात जुने वाडे, जुन्या इमारती पडतात, त्यांतला सागवान विकला जातो. तुळया, चौकटी, दारं. मुरलेला, गाभ्याचा. तोच आणायचा. सुताराचा उपाय माझ्याकडे नाही, हे मान्य करते. पण तुझ्याही बाजूला तीच अडचण आहे, ती नवी असल्यामुळे दिसत नाही. आपल्याकडे या खिडक्या सर्रास व्हायला लागल्या त्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांत. त्यांचं हँडल, कुलपाची पट्टी, रबराचा घाट हे सगळं त्या-त्या कंपनीच्या सेक्शनच्या खाचेत बसणारं. पंधरा वर्षांनी कंपनीने तो सेक्शन बंद केला तर दुसऱ्याचं रबर त्यात बसत नाही. पन्नास रुपयांच्या रबरासाठी सबंध झडप बदलायची पाळी येते. आपल्या खिडकीची बिजागरी तुटली तर श्रीवर्धनच्या हार्डवेअरच्या दुकानात तीन इंची पितळी बिजागरी आजही मिळते आणि पटाशीने दोन सूत खाच वाढवली की बसते. कोपरा कुजला तर तेवढाच कापून नवा सांधता येतो. वितळवून जोडलेला कोपरा तडकला तर काय करणार?

(इथे मला स्वतःची भर घालावीशी वाटते. गोव्याच्या जुन्या घरांत काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या लाकडी पट्ट्यांच्या चौकोनांत बसवलेल्या असत. चकती नाजूक, हाताने सहज मोडेल अशी. तरी त्या खिडक्या जिथे सांभाळल्या गेल्या तिथे आजही आहेत, कारण एक चकती फुटली तर तेवढीच बदलायची. थोरलीच्या म्हणण्याला हा पक्का आधार आहे असं मला वाटतं. अर्थात, नव्या चकत्या घडवून बसवणारे हात आज विरळ झाले आहेत, आणि तिथे धाकट्याचं म्हणणं पुन्हा उभं राहतं.)

धाकटा: म्हणजे दोन्हीकडे आपण कोणाच्या तरी भरवशावर आहोत. तू सुताराच्या, मी कंपनीच्या. फरक इतकाच की तुझ्या खिडकीला दर दोन वर्षांनी माणूस लागतो, माझ्या खिडकीला कदाचित पंधरा वर्षांनी. आपल्या वयांचा हिशेब कर. मी पंचावन्नचा. पुढची पंधरा वर्षं बिनघोर गेली तर त्यानंतरचा खर्च मुलं बघतील. आणि आईचं मनगट आठव. शेवटच्या वर्षांत तिला ती आगळ उचलत नव्हती, ती खिडकी बंदच ठेवायची, उजेड नाही, वारा नाही. हँडल एका बोटाने फिरतं. घरातल्या सगळ्यांत अशक्त माणसाला जी उघडता येत नाही ती खिडकी माझ्या लेखी टिकलेली नाही, मग तिचं लाकूड कितीही शाबूत असो.

थोरली: आईचं तू म्हणालास ते खरं आहे, आणि मला त्याचा त्रास होतो. पण आगळ काढून हलका बोल्ट लावायला चौकट काढावी लागली नसती. आता तुझ्या वर्षांच्या हिशेबाकडे येते. तू तीस वर्षांची वस्तू घेतोस आणि तीस वर्षांनंतर ती कुठे जाते हे धरत नाहीस. लाकूड चुलीत जातं किंवा दुसऱ्याच्या घराला लागतं. हे प्लास्टिक, त्यात लोखंड, त्यात रबर, आपल्या तालुक्यात ते वेगळं करून घेणारं कोण आहे? वाडीच्या कडेला पडून राहणार. शिवाय बसवण्याचा प्रश्न तू अजून घेतलेलाच नाहीस, आणि मला तोच सगळ्यांत मोठा वाटतो. यूपीव्हीसी उन्हाने बरंच वाढतं. दीड मीटरचा तुकडा तीस अंशांच्या फरकाला तीन मिलिमीटर लांब होतो. म्हणून भिंत आणि चौकट यांच्यात फट सोडायची, ती फोमने भरायची, बाहेरून लवचीक सिलिकॉन लावायचं. आपला गवंडी काय करतो? सिमेंटने गच्च भरतो. चौकट हलते, सिमेंट हलत नाही, केसाएवढी भेग पडते आणि पाणी तिथून आत. त्यात जांभ्याचा चिरा. ड्रिल मारलं की भोकाच्या कडा भुगा होतात, फास्टनर पकड घेत नाही. जुनी चौकट भिंत रचतानाच चिऱ्यांत धरून बसवली होती. ती उपटलीस की चार चिरे हलणार. उत्तम खिडकी आणि वाईट बसवणी याची बेरीज वाईटच येते.

धाकटा: याच कारणासाठी मी दुसरा विचार केला होता. सागवानी चौकट जागेवर ठेवायची, फक्त झडपं काढायची आणि त्या चौकटीच्या आत नवी खिडकी बसवायची. चिऱ्यांना हात लागत नाही, स्क्रू सागवानात जातात, ते पक्के धरतात.

थोरली: आणि उजेड? नव्या खिडकीची चौकट आणि झडपाची कड मिळून प्रत्येक बाजूला जवळजवळ चार इंच. तीन फुटांच्या खिडकीत मधल्या जाडीसकट फूटभर काच गेली. आणि तुझ्या पांढऱ्या प्लास्टिकच्या मागे जुना सागवान झाकला जाणार. त्याच्यापर्यंत पाणी पोचलं तर कोणालाच दिसणार नाही. दोन्ही पद्धतींतलं चांगलं घ्यायला जाऊन आपण दोन्हींतलं वाईट घेऊ अशी मला भीती वाटते.

धाकटा: मग असं करू. पश्चिमेच्या चारपैकी दोन खिडक्या तुझ्या पद्धतीने दुरुस्त करू. झडपाच्या खालच्या कडेला पाणी तोडणारी खाच, बाहेर उतार दिलेला पाट, पितळी बिजागऱ्या, वर-खाली दोन बोल्ट. उरलेल्या दोन माझ्या पद्धतीने नव्या. छज्जा चौघींना. मृगाआधी पाइपाने जोराचं पाणी मारून बघू, मग पावसाळा काय म्हणतो ते बघू.

थोरली: करू. पण त्यातून पाणी येतं की नाही एवढंच कळेल. टिकतं की नाही हे एका पावसाळ्यात कळत नाही, पाचांतही कळत नाही. आपला वाद टिकण्याबद्दल आहे, आणि त्याची परीक्षा आपल्याला घेता येण्यासारखी नाही. आपल्याला फक्त ठरवता येईल की काय बिघडलेलं आपल्याला परवडेल. मला दर वर्षी थोडं बिघडलेलं परवडतं. तुला एकदम, पण उशिरा बिघडलेलं.

धाकटा: मला उशिराचंच परवडतं, कारण दर वर्षी यायला मला जमत नाही. तू येशील असं म्हणतेस. पुढची दहा वर्षं?

थोरली: तेवढी येईन. त्यापुढचं मी बोलत नाही. पण आधी एक कर. उद्या पटाशी घेऊन चारही चौकटींचे खालचे कोपरे टोचून बघ. दोन सुतांहून जास्त आत गेली तर ते लाकूड गेलं, मग चौकट काढायला माझी हरकत नाही. नाही गेली, तर ज्या चौकटीला काही झालेलं नाही ती भिंतीतून उपटायचं कारण तू मला सांग.

धाकटा: कारण सांगितलंय, ताई. चौकट शाबूत असेलही. पाणी तरी आत येतंच आहे.